ब्लॉगवरचे लेख चोरीला जाऊ नयेत म्हणून राइट-क्लिक बंद करू का? ब्लॉग नीट सांभाळायचा कसा?

राइट-क्लिक बंद करू नका. ज्याला उचलायचंय तो स्क्रीनशॉट मारतो, नाहीतर ब्लॉगच्या फीडमधून (नवे लेख आपोआप बाहेर पोचवणारी सोय) अख्खा लेख घेतो. तिथे तुमचं कुलूप पोचतच नाही. अडतो तो साधा वाचक. मी २०१२ मध्ये तसलं कुलूप लावलं होतं. आठवड्याभरात एका बाईंनी कळवलं, ‘तुमचा लेख सासूबाईंसाठी प्रिंट काढायचा होता, जमलं नाही.’ आणि त्याच आठवड्यात तोच लेख एका फेसबुक पानावर सुखरूप पोचलेला होता, खाली गुलाबाच्या फुलासकट.

उत्तर इथेच संपवणार होते. पण तुम्ही पुढे लिहिलंय की आजीवरचा तुमचा लेख तुमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांच्या नावाने फिरला, आणि तुम्ही बोललात तेव्हा ‘घरातलंच तर आहे, एवढं काय’ असं ऐकून घ्यावं लागलं. ते ‘एवढं काय’ मला तोंडपाठ आहे.

माझी आई लालबागला खाणावळ चालवायची. भारतमाता टॉकीजपासून चालत पाच मिनिटं, चाळीतली दहा बाय बाराची खोली. तीत घरची माणसं आणि दोन वेळचे बावीस जेवणारे. सगळे गिरणीतले, बहुतेक मालवण-देवगडकडचे, बायकामुलं गावाला. पहिल्या पाळीवाल्यांचं ताट वेगळ्या वेळी, तिसऱ्या पाळीवाल्यांचं वेगळ्या. हिशोबाची वही नव्हतीच. दाराच्या आतल्या बाजूला खडूने नावं लिहिलेली आणि प्रत्येक नावापुढे रेघा. जेवला की एक प्रकारची, खाडा झाला की दुसऱ्या प्रकारची, एक उभी आणि एक आडवी. पगार झाला, पैसे आले, की ओल्या फडक्याने रेघा पुसायच्या आणि नवा महिना सुरू. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. बघता बघता माणसं गावाला गेली आणि दारावर नावं तशीच राहिली. आईने ती वर्षभर पुसली नाहीत. पुसलं तर बुडाले असं आपणच कबूल केल्यासारखं होतं, म्हणायची.

हे मी जून २०११ मध्ये ब्लॉगवर लिहिलं. ऑफिसहून आल्यावर, चार रात्री बसून, बाराशे शब्द. त्यातलं एक वाक्य लोकांना फार आवडलं: ‘संपानंतर आमचं दार आडव्या रेघांनी भरून गेलं.’ अजूनही कुणी भेटलं की तेच वाक्य ऐकवतात.

२०१७ च्या दिवाळीत शेजारच्या वहिनी एक अंक घेऊन आल्या. जुन्या चाळकऱ्यांचं एक मंडळ आहे, ते काढतं. ‘तुमच्या आईवर आलंय हो!’ पान ४१, ‘मामीचं दार’. लेखक माझा आतेभाऊ. आम्ही त्याला दादाच म्हणतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, शिकायला म्हणून गावाहून आला आणि आमच्याच खोलीत वाढला. माझ्या लेखातल्या ‘आई’ची त्याने ‘मामी’ केली होती, मला आई ‘शैले’ म्हणते तिथे ‘बाळू’ घातलं होतं, बाकी स्वल्पविरामासकट माझं. आणि चौथ्या परिच्छेदात माझा दादा, सहा फुटी, मिशीवाला, लिहितो: ‘मी पाटावर बसल्या बसल्या झोपले.’

मराठीचे उपकार मानावेत तेवढे थोडे. इंग्रजीत लिहीत असते तर क्रियापदाने अशी चुगली केली नसती.

मंडळाच्या संपादकांना फोन केला. निवृत्त मास्तर, बोलायला गोड. म्हणाले, ‘मुद्रितशोधनाची चूक असेल ताई.’ म्हटलं, ब्लॉगवर तारीख बघा, २०११ ची आहे. तर म्हणाले, ‘ब्लॉगवर मागची तारीख टाकता येते ना? आमचा नातू टाकतो.’ मला इतका राग आला की फोन ठेवला. पण नातू बरोबर होता. माझा ब्लॉग ज्यावर आहे त्या गूगलच्या ब्लॉगरमध्ये पोस्टला हवी ती तारीख देता येते, आज लिहून २००८ ची दाखवता येते. म्हणजे ज्या तारखेच्या भरवशावर मी सहा वर्षं निर्धास्त होते तिची किंमत शून्य.

मग पुरावा शोधणं आलं. वेब पानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर माझ्या ब्लॉगची एक जुनी प्रत सापडली, पण नुसत्या पहिल्या पानाची, त्यात हा लेखच नव्हता. वाचवलं ते नाशिकच्या एका वाचक बाईंनी. तेव्हा फीडबर्नरवरून नवा लेख वाचकांना मेलने जायचा (मेलची ती सोय गूगलने २०२१ मध्ये बंद केली). या बाई मेल कधीच पुसत नाहीत. जून २०११ ची मेल, अख्ख्या लेखासकट, त्यांनी दोन मिनिटांत पुढे पाठवली. मास्तर गप्प झाले.

म्हणून सांगते, लेख टाकला की त्याच दिवशी वेबॅक मशीनवर जाऊन त्या पानाचा पत्ता ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाका. ती तारीख तुमच्या हातात नसते, म्हणूनच ती खरी. आणि चार वाचकांना तरी लेख मेलने जाईल असं बघा. कोर्टापर्यंत न्यायचं असेल तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली.

मी कोर्टात गेले नाही, भाऊबीजेला गेले. ओवाळणीच्या तबकाबरोबर पिशवीत कॉपीराइट कायद्याची प्रिंट. १९५७ चा कायदा आहे, नोंदणी लागत नाही, लिहून झालं की हक्क तुमचा. हयातभर, आणि नंतरची साठ वर्षं. कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकलात तरी ‘हे मी लिहिलंय’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. कलम ६३ मध्ये शिक्षा, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हे सगळं मी फराळाच्या ताटांवरून मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘भाऊबीजेला आलीस की जप्तीला?’

दादा शांत. ‘घरातलंच तर आहे, एवढं काय. मामी तुझी आई, पण सात वर्षं मी तिच्या हातचं जेवलोय. दारावर रेघा ओढायचा खडू माझ्या हातात असायचा. तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस.’

आता यातला अर्धा भाग खरा आहे, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली. आईची खाणावळ माझ्या मालकीची नाही. संप नाही, दार नाही. घडलेल्या गोष्टीवर, कल्पनेवर कॉपीराइट नसतो. असतो तो ती ज्या शब्दांत मांडली त्या मांडणीवर. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच सांगितलंय. दादाने मामीवर शंभर पानं लिहावीत, मी पहिली वाचीन. पण ‘झोपलो’ असं लिहून.

तेव्हा एवढं सुचलं नाही. तोंडातून निघालं ते असं: ‘खडू तुझ्या हातात होता ना? मग सांग, खाड्याची रेघ उभी की आडवी?’

‘आडवी. लिहिलंय की.’

आतून आईचा आवाज आला, ‘उभी रे मेल्या! आडवी म्हणजे पंगतीला बसला. खाडा उभा. आला नि उभ्या उभ्या गेला.’

म्हणजे लोकांना आवडलेलं माझं ते वाक्य चुकीचं होतं. सहा वर्षं ब्लॉगवर चुकीचं होतं आणि ज्याने स्वतः त्या रेघा ओढल्या त्याने ते तसंच्या तसं उतरवलं होतं. चोर पकडायला नकाशेवाले म्हणे नकाशात मुद्दाम एखादी नसलेली गल्ली घालायचे. माझी गल्ली चुकून पडली होती, पण स्वतःच्या चुकीचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. पुढच्या वर्षीच्या अंकात चार ओळींची दिलगिरी आली, सोनाराच्या जाहिरातीखाली, भिंग घेऊन वाचण्याजोगी. मी ते पान फ्रेम करणार होते, मुलीने हाणून पाडलं.

तुमच्या काकांचं काय करायचं? कायदा बाहेर काढू नका, उपयोग होत नाही, चकल्या मात्र गार होतात. त्याच ग्रुपवर मूळ लेखाची लिंक टाका आणि खाली तुमचं नाव. कुणी ‘घरातलंच आहे’ म्हणालं तर विचारा, घरातलंच आहे तर मग घरातल्याच बाईचं नाव लिहायला काय झालं? आमच्याकडे लोणच्याच्या बरणीपासून वास्तुशांतीच्या पत्रिकेपर्यंत सगळं बायकांनी करायचं आणि नाव दुसऱ्याचं, ही पद्धत जुनी आहे. लेखात तरी ती चालू देऊ नका.

परक्यांचं सोपं असतं. दर महिन्याला आपल्या लेखातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधायचं. कुणी उचललेलं दिसलं की आधी त्यालाच लिहायचं, नाही ऐकलं तर त्याची साइट जिथे ठेवलीय त्या कंपनीकडे तक्रार. ब्लॉगरवरचं असेल तर गूगलचा त्यासाठी अर्ज आहे. अमेरिकी कंपन्या त्यांच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे चालतात. आपल्याकडे २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ आहे. तक्रारीत तथ्य वाटलं तर कंपनीने ३६ तासांत मजकूर बंद करायचा, पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाहीत तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. फीडमध्ये पूर्ण लेखाऐवजी सुरुवातीचा तुकडाच जाईल असं सेटिंग आहे, त्याने आपोआप उचलणाऱ्या साइट्सना थोडा चाप बसतो. मी केलेलं नाही. माझ्या नाशिकच्या बाई फीडमुळेच भेटल्या.

व्हॉट्सॲपवर इलाज नाही. वरचं नाव आणि खालची लिंक छाटली की लेख निनावी. मी एकच युक्ती करते, स्वतःला लेखाच्या पोटात ठेवते. आता माझ्या प्रत्येक लेखात दोन-तीनदा तरी कुणीतरी मला ‘शैले’ म्हणून हाक मारतं, आणि ‘मी’ची क्रियापदं मी जरा सढळ हाताने वापरते. सगळी बदलायला बसलं तर चोराला माझ्याइतकीच मेहनत पडते.

आणि सांभाळायचं म्हणाल तर चोरापेक्षा जास्त नुकसान माझं मीच केलंय. ब्लॉगरच्या सेटिंगमधून बॅकअप घेतला की तेव्हा एक फाइल यायची. तीत लेख आणि प्रतिक्रिया असायच्या, फोटो नसायचे, फोटोंचे नुसते पत्ते असायचे. हे मला माहीत नव्हतं. जागा होत नाही म्हणून गूगलच्या अल्बममधले ‘डबल’ फोटो मी एका रविवारी साफ केले आणि सोमवारी चाळीस लेखांत रिकाम्या चौकटी दिसायला लागल्या, कारण ब्लॉगवरचे फोटो राहत होते तिथेच. तेव्हा फोटो वेगळे ठेवा, पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी. जीमेलला दोन टप्प्यांचं कुलूप हवंच. दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल खातं पुसू शकतं. आपल्यामागे त्यातलं सगळं कुणाला मिळावं हे ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये लिहून ठेवता येतं. मी मुलीचं नाव टाकलंय. तिने विचारलं, पासवर्ड आत्ताच दे ना. दिला नाही.

अंकवाल्यांनी लेख मागितला तर द्या, पण मेलवर लिहून द्या की या अंकापुरता, एकदाच. हक्कच त्यांच्या नावावर करून द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. आणि दिलेत नि मुदत लिहायला विसरलात तर ती पाच वर्षं धरतात. लेखाची नोंदणीही करता येते, पाचशे रुपये एका लेखाला. मी केलेली नाही. मी वकीलही नाही, विमा कंपनीतली निवृत्त कारकून आहे, तेव्हा रक्कम मोठी असेल तर वकील गाठा.

वॉटरमार्कचं, म्हणजे फोटोवर आपलं नाव छापण्याचं, राहिलं. फोटोवर टाका, कोपऱ्यात नको, कोपरा कापता येतो. पण आधी फोटो कुणी काढलाय ते आठवा. माझ्या त्या लेखात वर आईचा फोटो आहे, दारात उभी, पदराला पीठ. त्यावर मी मोठ्या अक्षरांत माझ्या ब्लॉगचं नाव छापलं होतं. कायद्याने फोटोचा कर्ता तो काढणारा. १९८६ साली क्लिक थ्री कॅमेरा आमच्यात एकट्या दादाकडे होता. त्या भाऊबीजेला तो हे बोलू शकला असता, बोलला नाही. त्याला ठाऊक नसावं. मी वॉटरमार्क काढून खाली ‘छायाचित्र’ म्हणून त्याचं नाव टाकलंय, २०२० च्या टाळेबंदीत. त्याला अजून सांगितलेलं नाही.