खिल्लार गाय माजावर येईना, बायपास फॅट देऊ का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमची खिल्लार गाय पहिलारू आहे, व्यायला चार महिने होत आले तरी अजून माजावर नाही. खोंड चांगला निघालाय म्हणून दूध काढत नाही, तो दिवसभर तिच्याजवळच मोकळा असतो. खायला कडबा आणि दोन टाईम थोडी पेंड. दुकानदार म्हणतो बायपास फॅट चालू करा, अमेरिकेत मांसाच्या गाईंनापण देतात, लगेच गाभण जाईल. खरंय का? का सरकीच वाढवू? (एक वाचक, ता. सांगोला)

उत्तर : दादा, दुकानदाराचं अर्धं खरं आहे. बायपास फॅट म्हणजे पोटात चाऱ्याच्या पचनाला आडवं न येणारं फॅट. अमेरिकेत मांसासाठीच्या गाईंवर फॅटचा रिसर्च भरपूर झालाय आणि एचएफपेक्षा (होल्स्टीन फ्रिजियन या दुधाच्या विदेशी गाईपेक्षा) तुमची खिल्लार त्या गाईंच्याच जवळची, कारण तिथंपण दूध काढत नाहीत, वासरूच पितं. तिकडचं ब्राह्मन जातीचं जनावर तर आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल, कृष्णा व्हॅलीच्या रक्तातून झालंय. तसल्या संकरित गाईंना अख्खी सरकी घातली तर रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं, अंडाशयाचं काम सुधारलं, आणि गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासूनच बनतं म्हणून सगळ्यांना आशा वाटली.

पण पुढच्या ट्रायल्स बघितल्या तर व्यायल्यानंतर फॅट देऊन गाई जास्त गाभण जातात असं भरवशानं म्हणता येत नाही, कुठं फायदा दिसला, कुठं काहीच नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात व्यायलेल्या गाईंना करडईचं बी दिलं तर उलट प्रोस्टाग्लँडिन नावाचं हार्मोन वाढलं, आणि ते गर्भ धरायच्या वेळी नकोच असतं. फायदा व्हायचा तर विण्याआधीचे शेवटचे दोन महिने दिल्यावर होऊ शकतो, तोही बारीक गाईला जास्त.

तुमच्याकडं खरी गोम खोंडाची आहे. वासरू सारखं सडाला लागलं की गाईच्या मेंदूकडून एलएच हार्मोन पुरेसं सुटत नाही आणि त्याच्याशिवाय बीज सुटत नाही. त्यात पहिलारू, स्वतःची वाढ चालू, वर दूध, म्हणजे अंगावरचं सगळं खोंडाकडं जातंय. बाजूला उभं राहून बघा, चार-पाच बरगड्या लांबून मोजता आल्या तर ती बारीक आहे, आणि अशा गाईला आधी पोटभर चारा लागतो, नुसत्या कडब्यावर भागत नाही, हिरवं आणि पेंड वाढवा, मिनरल मिक्श्चर चालू ठेवा. खोंड वेगळा, गाईला दिसणार नाही असा बांधा आणि सकाळ-संध्याकाळ दोनदाच पाजा. त्याला बाजूला कोवळं गवत आणि खुराक ठेवा म्हणजे वाढ मार खाणार नाही.

आणि एक, डॉक्टरला बोलवून हात घालून तपासून घ्या. आपल्या गाईंचा माज थोडा वेळच टिकतो, बऱ्याचदा रात्रीच येऊन जातो, तेव्हा मुका माज (बाहेर खुणा न दाखवणारा) निघून जात असेल. पहाटे आणि रात्री झोपायच्या आधी बळस (माजाच्या वेळी येणारा चिकट स्राव) दिसतोय का बघा.

बायपास फॅट वाईट नाही, पामतेलातल्या फॅटचा कॅल्शियमसोबत केलेला क्षार असतो तो, पोटात चाऱ्याच्या पचनाला आडवं येत नाही. पण गाईच्या पूर्ण कोरड्या आहारात सगळं मिळून फॅट ६ टक्क्यांच्या आत ठेवायचं, नाहीतर चारा पचत नाही. म्हणून बाटलीनं गोडेतेल पाजायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

सरकीत साधारण १८ ते २० टक्के तेल असतं, म्हणजे किलोभर सरकीत दोनशे ग्रॅमच्या आसपास. गाईला किलोपर्यंत चालेल, त्यापुढं नको. खोंडाला मात्र सरकी टाकू नका, तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य लहान वासराला बाधतं, आणि पुढं त्याला वळू म्हणून ठेवणार असाल तर वीर्यपण बिघडतं.