मोंढ्यातल्या आडत दुकानात मी हिशेबातले 4,000 रुपये दाबले. देवाजवळ कबूल केलं, रडलोही. आता शेठजींना सांगावंच लागेल का?

हो, सांगा आणि पैसे परत करा; पण क्षमा मिळावी म्हणून नाही. ती मिळालेलीच आहे: बायबलमधल्या 1 योहान 1:9 मध्ये पाप कबूल करणाऱ्याला क्षमेचं वचन आहे, हप्त्यांची अट नाही. जालन्याच्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबल वर्ग घेताना हा प्रश्न नेहमी येतो, तेव्हा मी जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट काढतो (लूक 19). येशू आधी त्याच्या घरी उतरला, अन्यायाने घेतलेलं चौपट परत देण्याची भाषा जक्कयाने नंतर केली. हा क्रम उलटा केला की कृपेचा व्यवहार होतो. आणि मत्तय 5:23-24 तर सरळच आहे, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. रोकड एकदम नसेल तर पगारातून कापून घ्या म्हणावं. शेठजी कामावरून काढतीलही, त्याची तयारी ठेवा; देवाने माफ केलं म्हणून त्यांनी ठेवून घ्यावं असं काही नाही. फक्त एक, यात मुनीमजी किंवा हमालांपैकी आणखी कोणी असेल तर त्यांची नावं घेऊ नका. आपल्यापुरतं बोला.