बायबलच्या नव्या करारातले याकोब किती, आणि या नावाचा अर्थ काय?

मूळ हिब्रू नाव याकोव. त्याचा संबंध ‘अकेव’ म्हणजे टाच या शब्दाशी लावतात. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती २५:२६ मध्ये जुळा भाऊ एसाव याची टाच धरून जन्मलेला तो याकोब. पुढे २७:३६ मध्ये एसाव याच नावावरून त्याला फसवणारा ठरवतो, म्हणून दोन्ही अर्थ सांगितले जातात.

नव्या करारात हे नाव अनेकांचं आहे आणि घोळ तिथेच होतो. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय १२ उघडा. दुसऱ्या ओवीत हेरोद राजा (पहिला अग्रिप्पा, मृत्यू इ. स. ४४) याकोबाला तलवारीने मारतो, आणि सतराव्या ओवीत येशूचा शिष्य पेत्र ‘याकोबाला हे कळवा’ म्हणतो. मेलेल्याला निरोप कसा? माणसं दोन आहेत. मारला गेला तो जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. निरोप ज्याला गेला तो प्रभूचा (येशूचा) बंधू, यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख. अध्याय १५ च्या सभेत निर्णायक बोलतो तोही हाच. जोसिफस या इतिहासकाराच्या नोंदीवरून त्याला इ. स. ६२ च्या सुमारास दगडमार झाला. नव्या करारातलं याकोबाचं पत्रही परंपरेने त्याचंच मानतात.

बारा शिष्यांत अल्फीचा मुलगा याकोब वेगळा. मार्कच्या शुभवर्तमानात १५:४० मधला ‘धाकटा याकोब’ म्हणजे तोच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे दोघांना डोळे झाकून एक करू नका.

इंग्रजीत उत्पत्तीतला कुलपिता तो जेकब आणि नव्या करारातला प्रेषित तो जेम्स, त्यामुळे नातं दिसत नाही. लॅटिन याकोबुसचं याकोमुस झालं, त्यातून जेम्स. स्पॅनिश सांतियागो म्हणजेही संत याकोबच. मराठी बायबलात दोघेही याकोबच राहिले, म्हणून वाचताना बापाचं किंवा भावाचं नाव आधी पाहा.