शेतकरी कंपनीच्या साइटसाठी वर्डप्रेस घ्यावं की साधी स्टॅटिक साइट करावी? खर्च किती येईल?

भाऊ, तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि साइटवर माहिती, फोटो, भाव, संपर्क एवढंच टाकायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मग स्टॅटिक करा, म्हणजे तयार पानांच्या फाइली नुसत्या सर्व्हरवर ठेवायच्या. वर्डप्रेस म्हणजे लॉगिन करून मजकूर बदलायचं सॉफ्टवेअर, त्याची तुम्हाला गरज नाही. विषय संपला. पण हा वाद मी गावात घातलेला आहे, म्हणून लिहितोच.

मी वरुड तालुक्यातला. घरी संत्र्याची बाग, आणि शेतीतून वेळ काढून साइटी करून देतो. आमच्याकडचा बराच माल बांगलादेशात जायचा. त्यांनी २०१९ पासून आयात शुल्क चढवत नेलं आणि इथले व्यापारी भाव पाडून बाग मागू लागले. तेव्हा गावच्या कंपनीने ठरवलं की स्वतःची साइट काढायची आणि दिल्ली-केरळचा खरेदीदार थेट गाठायचा. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यामुळे सांगण्यासारखंही होतं. मी म्हटलं, पाच-सहा पानांचं काम आहे, एचटीएमएलमध्ये करून देतो. बैठकीत अध्यक्षांचा भाचा बसला होता, पुण्यात नोकरीला असलेला. तो म्हणाला, "मामा, स्टॅटिक आता कोण करते? वर्डप्रेस घ्या, तुम्हीच लॉगिन करून भाव बदलसान." मामा खूश. काम शहरातल्या एका एजन्सीला गेलं.

आता ऐका कोणी काय बदललं ते. पासवर्ड सचिवांच्या डायरीत, डायरी कपाटात, कपाटाची किल्ली सचिवांकडे आणि सचिव बागेत. संत्र्याचे दोन हंगाम, त्यातली आंबिया बहाराची तोड आटोपून मृग बहाराची सुरू झाली, तरी साइटवर आदल्या वर्षीचाच भाव. भाव नाही बदलला तर प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, कोण अपडेट करणार? वर्डप्रेसचं मूळ सॉफ्टवेअर २०१३ पासून, म्हणजे ३.७ आवृत्तीपासून, सुरक्षेच्या बारीक दुरुस्त्या आपोआप घेतं. प्लगइनसाठी तसं बटण आलं २०२० मध्ये, ५.५ मध्ये, आणि तेही आपण चालू केलं तरच. एजन्सीने फोटो सरकवणारा स्लायडर, पेज बिल्डर, पॉपअप असे काय काय प्लगइन कोंबले होते. बिल घेतल्यावर त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

मग केरळच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. गूगलवर कंपनीचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं येतात, दाबलं की भलतंच दुकान उघडतं. मी अध्यक्षांना सांगायला गेलो. त्यांनी मोबाइलवर पत्ता टाकला, साइट उघडली, संत्री चकाकत होती. "काऊन रे, तुले आमचं चांगलं पाहवत नाई का? हे पाय, बरोबर तं दिसून रायलं!" या हॅकची गंमतच ती असते. सरळ पत्ता टाकणाऱ्याला मूळ पान दाखवायचं, गूगलच्या रोबोटला मात्र जपानी मालाची ढीगभर पानं खाऊ घालायची. म्हणजे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. घुसखोराची फाइल त्या जुन्या स्लायडरच्याच फोल्डरात सापडली.

भाचा अजून म्हणतो, दोष वर्डप्रेसचा नाही, देखभालीचा. कबूल. पण देखभाल करणाऱ्याचं नाव त्या दिवशी बैठकीत त्याने सांगितलं होतं का? वर्डप्रेसच्या मागे सर्व्हरवर पीएचपी (पान तयार करणारी प्रोग्रॅमची भाषा) आणि मायएसक्यूएल (मजकूर साठवणारा डेटाबेस) सतत चालू असतात, त्यांना वेळच्या वेळी अपडेट लागतं. स्टॅटिक साइट म्हणजे सर्व्हरवर ठेवलेल्या फाइली. हंगामभर कोणी हात लावला नाही तरी तिला काही होत नाही.

आता ती साइट मी ह्यूगोत, म्हणजे स्टॅटिक पानं बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बांधलीय. फाइली गिटहब या फाइली साठवायच्या वेबसाइटवर, आणि तिथून साइट क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंगवर. होस्टिंगला पैसे नाहीत, डोमेनचे काय ते वर्षाला भरायचे. खर्चाचं उत्तर एवढंच. भाव ऑफिसातलं पोट्टं बदलते. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गिटहब उघडायचं, जुना आकडा खोडून नवा टाकायचा, कमिट, म्हणजे सेव्हचं बटण, दाबायचं. थोड्या वेळात साइटवर. "स्टॅटिक साइट गिऱ्हाइकाला बदलता येत नाही" म्हणणाऱ्यांनी त्या पोट्ट्याला भेटावं.

हो, तुम्हाला साइटवरूनच माल विकून पैसे घ्यायचे असतील, सभासदांना लॉगिन द्यायचं असेल, किंवा दर आठवड्याला खरंच लिहिणारा माणूस तुमच्याकडे असेल, तर वर्डप्रेस घ्या. वाईट नाही ते. प्लगइन मोजके ठेवा, त्यांचं ऑटो-अपडेट चालू करा, बॅकअप होस्टिंगच्या बाहेर ठेवा. नुसत्या चौकशीसाठी मात्र व्हॉट्सअॅपची लिंक पुरते, फॉर्मही नको.

काहीही घेतलं तरी कृतिदेव या जुन्या फाँटात टाइप केलेला जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर साइटवर नुसता गिचका दिसेल. मोबाइलचे फोटो लहान करूनच चढवा, शिवारात रेंज कशी असते तुम्हाला माहीत आहे.

आणि डोमेन कंपनीच्या ईमेलवर नोंदवा. आमचं त्या एजन्सीच्या खात्यात होतं. ते सोडवून आणायची वेळ आली तेव्हा अध्यक्षांनी फोन मला केला, भाच्याला नाही.