सर्व्हो थरथरतोय? गेनला हात लावण्याआधी

आधी ड्राइव्ह (सर्व्हो मोटर चालवणारा कंट्रोलर) विसर, आणि त्यातला गेनही, म्हणजे चूक दिसली की मोटर किती जोरात दुरुस्त करते तो आकडा. मशीन बंद करून कपलिंगचे (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या भागाचे) स्क्रू, बेल्टचा ताण, बॉलस्क्रूचा (अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, तपास. ढिलं कपलिंग कुठल्याही पॅरामीटरने घट्ट होत नाही. मी एकदा दोन दिवस गेनशी खेळत बसलो आणि शेवटी एक स्क्रू आवळला.

मग ऑटो-ट्यूनिंग (ड्राइव्ह स्वतःच गेन ठरवतो ते) बंद कर. लूप म्हणजे मोजून चूक दुरुस्त करत राहण्याचं चक्र; आतला लूप आधी, म्हणजे व्हेलॉसिटी (वेग), बाहेरचा पोझिशनचा (जागेचा) नंतर. इंटिग्रल (साठत गेलेली चूक भरून काढणारा भाग) जवळजवळ काढून टाक आणि प्रपोर्शनल गेन (आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात जोर देणारा) थोडा थोडा वाढव. मोटर गुणगुणायला लागली की थांब, तिथून २०-३० टक्के खाली ये. त्यानंतर इंटिग्रल, सगळ्यात शेवटी पोझिशन गेन. एका वेळी एकच आकडा बदलायचा, जुना लिहून ठेवायचा.

आवाज ऐकायला शीक. बारीक, एकसुरी शिट्टी म्हणजे बहुतेक वेळा रेझोनन्स, म्हणजे मशीन स्वतःच्या एका फ्रिक्वेन्सीवर थरथरतंय: ड्राइव्हच्या स्कोपवर (सॉफ्टवेअरमधल्या आलेखावर) ती फ्रिक्वेन्सी बघ, तिथे नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा) लाव. थांबल्यावर अक्ष हळूहळू मागेपुढे डुलत असेल, तर इंटिग्रल जास्त आहे किंवा घर्षण. फिल्टर मात्र भारंभार लावू नकोस, प्रत्येकामुळे लूपला उशीर होतो.

चाचणी खऱ्या लोडसह, अक्षाच्या दोन्ही टोकांना घे. आणि उभा अक्ष असेल तर खाली आधार दे, हात इमर्जन्सी स्टॉपवर.