तासांची सही आणि आकाशातली गर्दी

प्रश्न : भाचा एटीसीचं, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणाचं, ट्रेनिंग करतोय. तो म्हणतो, ऑन-जॉब ट्रेनिंगचे दोन-चार तास कमी पडले तर कागदावर भरून टाकतात, काय बिघडतं?

उत्तर : ताई, खूप बिघडतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे टॉवरच्या रेटिंगला (विमानतळावरची उड्डाणं-उतरणं स्वतः हाताळायच्या परवानगीला) देखरेखीखाली किमान 90 तास किंवा 1 महिना, यातलं जे जास्त ते, आणि एरिया कंट्रोलला (वाटेत उंचावर असलेली विमानं हाताळायला) 180 तास किंवा 3 महिने. हे तास म्हणजे पाऊस, गर्दी, अचानक वळवलेली विमानं, सगळं इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असताना हाताळणं, कारण एकदा रेटिंग मिळालं की रोस्टर लावणारा फक्त कागद बघतो आणि पोरगा एकटा पोझिशनवर बसतो, आणि तिथे दोन विमानांमध्ये उंचीचं अंतर बऱ्याचदा 1000 फूटच असतं.

पायलटच्या बाबतीत आपल्याकडे असा कागदावरचा खोटेपणा झालाय. जानेवारी 2011 मध्ये गोव्यात एक विमान मागच्या मुख्य चाकांऐवजी आधी पुढच्या चाकावर उतरलं, चौकशीत वैमानिकाची मार्कशीटच बनावट निघाली, मग डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला) बाकीच्यांचीही लायसन्सं तपासावी लागली.

भाच्याला सांगा, तास कमी असतील तर लेखी कळवून मुदत वाढवून माग. खोट्या तासांवर सही अजिबात करू नकोस.