पहिला डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) घेताय? आधी हे बघा

घाई नको. आधी साधा हायग्रोमीटर आणा आणि चार दिवस खोलीतली आर्द्रता मोजा. सतत ६० टक्क्यांच्या वर असेल तरच यंत्राचा विचार करा.

खोक्यावरचा ‘दिवसाला २० लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. २० अंशांच्या खोलीत जेमतेम निम्मं पाणी निघतं. नवखे हमखास इथेच फसतात, म्हणून एक माप मोठंच घ्या.

- खोली १५ अंशांखाली जात असेल तर कॉम्प्रेसरवाल्या (फ्रिजसारखं हवा थंड करून पाणी काढणाऱ्या) यंत्राच्या कॉइलवर बर्फ धरतो. तिथे डेसिकंट प्रकार (ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा) घ्या.
- टाकी भरली की यंत्र बंद पडतं. पाणी आपोआप बाहेर सोडणाऱ्या नळीची सोय बघाच. नळीला सलग उतार द्या, झोळ पडला की पाणी तुंबतं.

चिमुकली पेल्टियर यंत्रं (कॉम्प्रेसरऐवजी विजेने थंड होणाऱ्या पट्टीवर चालणारी) कपाटापुरतीच. आणि यंत्र चालू असताना खिडक्या बंद!